एका बाटलीचा हिशेब

मधुमेह हा आपल्या व्यापारी घरांत आता पाहुणा राहिलेला नाही. गादीवरची दिवसभराची बैठक, गिऱ्हाइकाच्या वर्दळीप्रमाणे मागेपुढे होणारे जेवण, लग्नसराईतील मिष्टान्नांच्या पंक्ती आणि पिढीजात चालत आलेली प्रवृत्ती, या साऱ्यांनी त्याला घरातलाच एक करून टाकले आहे. पूर्वी चार व्यापारी एकत्र आले की तुरीचा आणि गुळाचा भाव निघत असे. आता उपाशीपोटीची साखर किती आणि तीन महिन्यांची सरासरी किती, हे आकडे निघतात. आकड्यांमागोमाग सल्ले येतात. मेथ्या भिजवून घ्या, कारल्याचा रस घ्या, जांभळाच्या बियांची पूड घ्या. असे सल्ले ऐकून घ्यावेत आणि डॉक्टरांना विचारून मगच काय ते करावे, एवढ्यावर भागते. परंतु अलीकडे एक सल्ला असा येऊ लागला आहे की, तो ऐकून जैन माणूस अंतर्यामी अस्वस्थ होतो. तो सल्ला म्हणजे मत्स्यतेलाच्या, अर्थात फिश ऑइलच्या कॅप्सूल घेण्याचा.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मधुमेह्याला हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो, हे खरेच आहे. मत्स्यतेलातील ओमेगा-३ नावाची मेदाम्ले हृदयाला हितकारक असतात, असे सर्वत्र छापून येते. तेव्हा मधुमेह्याने मत्स्यतेल घ्यावे, हा निष्कर्ष वरवर पाहता बिनतोड वाटतो. आणि मग ज्याने जन्मभर मद्य, मांस आणि मधाचा त्याग हा श्रावकाचा पाया मानला, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : व्रत राखावे की प्रकृती राखावी?

हा प्रश्न माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी आला तो त्यांच्या मुलाच्या हातून. दादांचे वय ७४. पुण्याच्या मार्केट यार्डात त्यांची धान्याची पेढी आहे आणि बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. मुलगा न्यू जर्सीला असतो. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याने वडिलांसाठी मत्स्यतेलाची मोठी बाटली आणली. दादांनी ती हाती घेतली, "बरं" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. आठ दिवसांनी मुलाने पाहिले, तर झाकणाचे सीलही तुटलेले नव्हते. तो रागावला नाही, पण दुखावला गेला. मला म्हणाला, "काका, वडिलांना माझ्यापेक्षा नियम मोठा वाटतो का? आजोबांनी तर इन्सुलिन घेतलं होतं. तेव्हा चाललं, मग आता का नाही?"

त्याच्या बोलण्यातला हा शेवटचा प्रश्न रास्त होता. आमच्या वडिलांना १९७६ साली इन्सुलिन सुरू झाले. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली लागलेला हा शोध मधुमेहाच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध होय. परंतु साठ वर्षे हे इन्सुलिन कत्तलखान्यातील गायीच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्याची विद्या साध्य झाली आणि १९८२ साली ते अमेरिकेत औषध म्हणून संमत झाले. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या हाती यायला त्याहून उशीर लागला. वडिलांना हे ठाऊक होते. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की, याला पर्याय नाही. त्यांनी इन्सुलिन घेतले. ते कोणापासून लपवले नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही. मात्र त्या दिवसापासून दर अष्टमी-चतुर्दशीला त्यांनी मिठाचा त्याग केला, तो अखेरपर्यंत पाळला. आम्ही मुलांनी कारण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही, पण घरात सर्वांना ते कळत होते.

तेव्हा पुतण्याला नुसते "आपल्यात चालत नाही" असे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. बँकेत तेहतीस वर्षे, त्यांतील बरीच कर्ज विभागात काढल्यामुळे एक सवय लागली आहे. अर्जाच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व द्यायचे नाही. ताळेबंदाच्या शेवटी बारीक अक्षरांत ज्या टिपा असतात त्या आधी वाचायच्या. पुतण्याला मी म्हटले, "दोन महिने दे. डॉक्टरांना विचारतो, छापून आलेले अहवाल वाचतो आणि तुम्हा दोघांसमोर हिशेब ठेवतो." तोच हिशेब येथे मांडत आहे, कारण ही बाटली केवळ आमच्याच घरी आलेली नसणार.

प्रथम बाटलीवरचा मजकूर. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत मत्स्यतेल १००० मिलिग्रॅम असे असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरी जमा दिसते : ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम. ज्यांच्यासाठी हे तेल घ्यायचे ती ओमेगा-३ मेदाम्ले हीच. म्हणजे हजारातले तीनशे कामाचे, उरलेले सातशे इतर चरबी. बाजारातील नेहमीच्या कॅप्सूलचे प्रमाण साधारण असेच असते. हे तेल बहुतांशी तारली, अँचोव्ही अशा लहान माशांपासून काढतात. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्हीची मासेमारी प्रचंड प्रमाणावर चालते आणि पकड बहुतेक मासळीचा कुटा व तेल करण्यासाठीच वापरली जाते. तेलाभोवतीचे पारदर्शक सोनेरी कवच असते ते जिलेटिनचे, आणि जिलेटिन काढतात जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये हिंसेची दोन खाती असतात, एक आतल्या तेलाचे आणि दुसरे बाहेरच्या कवचाचे.

आता लाभाची बाजू. माशांच्या तेलाची कीर्ती पसरली ती १९७० नंतरच्या दशकात. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि त्यांच्या समुद्री आहाराचा संबंध हृदयविकाराच्या कमी प्रमाणाशी जोडला. तेथून पुढे हजारो निबंध लिहिले गेले. परंतु एखादा समाज मासे खातो आणि त्याला हृदयविकार कमी होतो, एवढ्यावरून बाटलीतील तेलाचा गुण सिद्ध होत नाही. त्या समाजाचे कष्ट, हवा आणि इतर आहार हे सारे त्या हिशेबात मिसळलेले असते. खरी कसोटी अशी की, सारख्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकाला तेल द्यावे, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी कॅप्सूल द्यावी, कोणाला काय मिळाले हे कोणालाच कळू देऊ नये आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी.

मधुमेह्यांसाठी नेमकी अशी कसोटी ऑक्सफर्ड विद्यापीठाने घेतली. असेंड नावाच्या या चाचणीत ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही सहभागी होते आणि त्यांपैकी कोणालाही आधीपासून हृदयविकार नव्हता. निम्म्यांना रोज एक ग्रॅमची ओमेगा-३ कॅप्सूल मिळाली, निम्म्यांना ऑलिव्ह तेलाची. सरासरी सात वर्षांहून अधिक काळ त्यांची नोंद ठेवली गेली. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर आघात मत्स्यतेल घेणाऱ्यांत शेकडा ८.९ जणांना झाला आणि न घेणाऱ्यांत शेकडा ९.२ जणांना. हा फरक इतका किरकोळ आहे की, तो योगायोगानेही पडू शकतो, असेच शास्त्रज्ञांचे मत पडले.

रक्तातील साखरेचे काय? अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या आढाव्यांचा निष्कर्ष असा की, मत्स्यतेलाने उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी यांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ज्या रोगासाठी आपण हे घेतो म्हणतो, त्या रोगाच्या मुख्य आकड्यावर त्याचा परिणामच नाही. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन ही संस्था डॉक्टरांसाठी दरवर्षी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते. हृदयविकार टाळण्यासाठी मधुमेह्याने सरसकट ओमेगा-३ च्या पूरक गोळ्या घ्याव्यात, याला पुरेसा आधार नाही, असेच तीही सांगते.

येथे थांबलो असतो तर हिशेब आपल्या सोयीचा झाला असता, परंतु तो पुरा झाला नसता. मत्स्यतेलाचा एक गुण निर्विवाद आहे. मोठ्या मात्रेत, म्हणजे दिवसाला दोन ते चार ग्रॅम ईपीए-डीएचए पोटात गेले, तर रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी चांगली उतरते. पुन्हा २०१८ सालीच रिड्यूस-इट नावाची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ८,१७९ रुग्ण होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मधुमेही होते. त्यांना आधीपासून स्टॅटिन चालू होते आणि तरीही ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. माशांच्या तेलातून शुद्ध करून काढलेले ईपीए त्यांना रोज चार ग्रॅम दिले, तेव्हा हृदयविकाराच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. हे यश मोठे आहे आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र त्यालाही टिपा आहेत. तुलनेच्या गटाला दिलेले खनिज तेल स्वतःच थोडे अपायकारक असावे, अशी शंका अनेक तज्ज्ञांनी घेतली. शेजारच्या दुकानाला तोटा झाला की, आपला नफा आहे त्याहून मोठा दिसतो, तसा हा प्रकार. पुढे १३,०७८ रुग्णांवर स्ट्रेंग्थ ही चाचणी झाली. तीत चार ग्रॅम ओमेगा-३ विरुद्ध मक्याचे तेल अशी तुलना होती; लाभ दिसण्याची चिन्हे नसल्यामुळे ती मुदतीपूर्वीच बंद करण्यात आली आणि २०२० साली तिचा अहवाल आला. शिवाय मोठ्या मात्रेमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका थोडा वाढतो, हे या दोन्ही चाचण्यांत आढळले. आणि एक साधा गुणाकार वाचकांनीच करून पाहावा. कॅप्सूलमागे तीनशे मिलिग्रॅम मिळत असेल, तर चार ग्रॅमसाठी रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील. दुकानात मिळणारी बाटली आणि चाचणीतले औषध या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीच्या नावावर दुसरी विकली जाते, एवढेच.

मग मधुमेह्याचे हृदय वाचवायचे कशाने? याचे उत्तर नवे नाही. कार्ड्स नावाची चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत २,८३८ मधुमेह्यांपैकी निम्म्यांना अॅटोरव्हास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी रोज दिली गेली. त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. लाभ इतका स्पष्ट होता की, चाचणी दोन वर्षे आधीच थांबवावी लागली. ही गोळी रासायनिक रीतीने तयार होते आणि तिचा माशाशी संबंध नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, साखरेची सरासरी राखणे, तंबाखू आणि सुपारीच्या पुड्या सोडणे आणि रोज चालणे, या गोष्टींचा आधारही तितकाच भक्कम आहे. बाटलीकडे लक्ष वेधले जाते तेव्हा या गोष्टींकडे दुर्लक्ष होते, हा माझ्या मते तिचा सर्वांत मोठा तोटा आहे. दादांच्याच बाबतीत पाहा. मत्स्यतेलाची चर्चा घरात महिनाभर चालली, पण स्टॅटिनची गोळी त्यांनी "पाय दुखतात" म्हणून परस्पर अर्धी केली आहे, हे त्या महिन्यात कोणी विचारले नव्हते.

ट्रायग्लिसराइडविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपल्या शाकाहारी घरांत हा आकडा वारंवार वाढलेला दिसतो आणि लोकांना नवल वाटते. "आम्ही तर अंडेही खात नाही, मग चरबी आली कोठून?" ती येते साखरेतून आणि मैद्यातून. पोटात गेलेल्या जादा साखरेची यकृत चरबी बनवते आणि ती रक्तात सोडते. मधुमेह अनियंत्रित असेल तर हा कारखाना अधिकच जोरात चालतो. १५० च्या आत असावा तो आकडा दोनशे-तीनशेवर जातो. म्हणून प्रथम साखर आटोक्यात आणावी, मिठाई, खारी-बिस्किटे, फळांचे रस आणि पांढरा भात यांना कात्री लावावी, वजन उतरवावे आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पुष्कळांचा आकडा एवढ्यानेच उतरतो. तो पाचशेच्या वर असेल तर मात्र दुखणे अंगावर काढू नये; हा आकडा फार चढला तर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळीही डॉक्टरांपाशी माशाविना असलेली औषधे असतात. फेनोफायब्रेट हे जुने औषध आहे. सारोग्लिटाझार हे औषध तर भारतातच शोधले गेले आणि मधुमेह्यांच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी २०१३ साली त्याला आपल्याकडे मान्यता मिळाली. "मी जैन आहे, मला माशाचे व जिलेटिनचे चालत नाही, दुसरे काय देता येईल?" हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारण्यात संकोच कसला? चांगला डॉक्टर हे ऐकून रागावत नाही. न सांगता औषध कपाटात ठेवून देणारा रुग्ण त्याला अधिक त्रासाचा वाटतो.

ओमेगा-३ ची शरीराला गरजच नाही काय? आहे. पण ती भागवण्यास समुद्रावर जावे लागत नाही. आपल्या जवसात एएलए नावाचे ओमेगा-३ भरपूर असते. मोठा चमचाभर जवसाच्या पुडीत, म्हणजे सुमारे सात ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या वर एएलए मिळते आणि साधारण प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेइतके ते होते. मूठभर अक्रोडातही ते असते. मोहरीच्या आणि सोयाबीनच्या तेलातही काही प्रमाणात असते. शरीर एएलएपासून ईपीए व डीएचए तयार करते, मात्र अगदी अल्प प्रमाणात. त्यामुळे जवस हे मत्स्यतेलाच्या औषधी मात्रेचा पर्याय आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. जवस हे अन्न आहे, आणि चांगले अन्न आहे. तंतूही त्यात पुष्कळ असतात. सोलापूरकडच्या घरांत भाकरीसोबत जवसाची चटणी असतेच. अख्खे दाणे बहुधा न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते भाजून कुटावेत. आणि कुटलेली पूड लवकर खवट होते, म्हणून थोडी थोडीच कुटावी. आपल्या घरांत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस पाळतात. तीच जवसाच्या पुडीला लावली, तर नियमही पाळला जातो आणि चवही टिकते.

आणखी एक पर्याय शेवाळाच्या तेलाचा. वास्तविक मासे ईपीए व डीएचए बहुतांशी स्वतः तयार करत नाहीत. समुद्रातील सूक्ष्म शैवाल ते तयार करतात, लहान जीव ते शैवाल खातात, मासे त्या जीवांना खातात. आता हेच शैवाल मोठमोठ्या बंद टाक्यांत वाढवून त्याचे तेल काढतात आणि मासा मध्ये न आणता ते कॅप्सूलमध्ये भरतात. हे तेल शाकाहारी आहे यात शंका नाही. परंतु जैन शाकाहार हा इतरांच्या शाकाहाराहून अधिक सूक्ष्म आहे. दिगंबर परंपरेतील मूलाचारात आणि श्वेतांबर परंपरेतील जीवविचार प्रकरणात शेवाळाची गणना अनंत जीवांचा आश्रय असलेल्या वनस्पतिकायात केलेली आहे. ज्यांचा कंदमुळांचा त्याग आहे, त्यांनी याबाबत आपल्या गुरुमहाराजांना विचारावे; निर्णय देण्याचा अधिकार निवृत्त बँक अधिकाऱ्याचा नव्हे. मी एवढेच नमूद करतो की, केवळ मधुमेहासाठी म्हणून मत्स्यतेलाची गरज सिद्ध झालेली नाही, तशी ती शेवाळाच्या तेलाचीही झालेली नाही.

हा सारा हिशेब मी दादांसमोर ठेवला तेव्हा पुतण्या अमेरिकेहून फोनवर होता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही बसलो होतो. त्याने सर्व ऐकून घेतले, दोन ठिकाणी आकडे पुन्हा विचारले आणि म्हणाला, "म्हणजे वडिलांचं काही नुकसान होत नाहीये ना? मला तेवढंच हवं होतं." मला वाटले, प्रश्न मिटला. पण दादा काही वेळ गप्प बसून म्हणाले, "आणि फायदा निघाला असता तर? तर तू मला काय सांगितलं असतंस?"

मला वाटते, सबंध प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता. अनेकदा आपण व्रताचे समर्थन विज्ञानाकडून मागतो. रात्रिभोजनत्याग पचनाला चांगला, पाणी गाळून पिणे आरोग्याला चांगले, असे आपण मुलांना सांगतो. त्यात काही प्रमाणात तथ्यही असेल. परंतु लाभासाठी पाळलेला नियम हा लाभ असेपर्यंतच टिकतो. उद्या एखादी नवी चाचणी निघाली आणि तिने उलटे दाखवले, तर मुले विचारतील, आता काय? मासा मारू नये याचे कारण मत्स्यतेल निरुपयोगी आहे हे नव्हे. माशाला जीव आहे आणि तो त्याला प्रिय आहे, हे त्याचे कारण आहे. मत्स्यतेल अमृत ठरले असते तरी त्या कारणात बदल झाला नसता.

मी दादांना म्हणालो, "ही दोन वेगळी खाती आहेत. उपयोग आहे की नाही हे एक खातं. ते डॉक्टरांनी आणि चाचण्यांनी लिहायचं. घ्यायचं की नाही हे दुसरं; ते तुम्ही लिहायचं. पहिल्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती करू नका." दादा म्हणाले, "वडिलांनीही दोन खाती ठेवली होती की."

खरेच ठेवली होती. इन्सुलिनची गरज त्यांनी नाकारली नाही, त्यात हिंसा आहे हेही नाकारले नाही. गरज टोकाची होती आणि पर्याय नव्हता, म्हणून ते त्यांनी घेतले. आणि घेतले म्हणून ते निर्दोष झाले, असे मानले नाही. आजोबांनी घेतले म्हणून वडिलांनी घ्यावे, असा पुतण्याचा मुद्दा होता. त्यांच्या बाबतीत औषधाविना मृत्यू निश्चित होता. दादांच्या बाबतीत बाटलीविना काहीच अडत नव्हते. या दोन्हींच्या मधल्या जागेत कोणी उभा असेल, ज्याला खरोखर उपयोग संभवतो आणि पर्याय अपुरे पडतात, त्याच्याविषयी मी येथून काही म्हणणार नाही. तो निर्णय त्याचा, त्याच्या डॉक्टरांचा आणि त्याच्या गुरूंचा. त्याने तो कोणत्याही बाजूने घेतला तरी समाजाने त्याच्याकडे बोट दाखवू नये.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. भारतात विकल्या जाणाऱ्या पूरक आहाराच्या बाटलीवर शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर असे चिन्ह सक्तीचे नाही, तेथे औषधविक्रेत्याला विचारावे. शक्य असेल तेथे डॉक्टरांकडून कॅप्सूलऐवजी गोळी लिहून घ्यावी. परदेशातून आलेल्या बाटलीवर आपली चिन्हे नसतात. तेथे मागचा मजकूर वाचून जिलेटिन आणि माशाचे नाव शोधावे. जवसाच्या तेलाची कॅप्सूलही जिलेटिनच्या कवचात असू शकते. जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी कोणत्याही तेलाची कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये. आणि जे आजवर मत्स्यतेल घेत आले असतील, त्यांनी हा लेख वाचून मनाला लावून न घेता पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनाही एक विनंती आहे. आईवडिलांच्या काळजीने तुम्ही काही पाठवता, यात तुमचे प्रेम आहे आणि ते त्यांना कळते. पण मधुमेही आईवडिलांना बाटलीपेक्षा अधिक उपयोगी पडेल तो तुमचा फोन, आणि तो नेमका कधी करायचा हे ठरवा. तीन महिन्यांनी रक्त तपासल्याच्या दुसऱ्या दिवशी तो करा. सरासरी किती आली, रक्तदाब किती, कोणती गोळी बदलली, कोणती परस्पर सोडली, पावले नीट पाहिली का, डोळे तपासून किती महिने झाले, एवढे विचारा. माझा पुतण्या आता असेच करतो. स्टॅटिनची अर्धी केलेली गोळी त्याच्याच लक्षात आली; डॉक्टरांनी ती बदलून दुसरी दिली आणि दादांच्या पायांची तक्रारही कमी झाली. गेल्या तपासणीत त्यांचे ट्रायग्लिसराइड २३४ वरून १६८ वर आले आहे. अजून १५० च्या आत यायचे आहे, आणि दादांचा दुपारचा भात अजून पुरता सुटलेला नाही.